डुकराचा रस्सा कोणाच्या पंगतीला?

साताऱ्या-सांगलीच्या वस्त्यांमधली आमची पोरं-पोरी हल्ली मोबाईलवर कोरियन मालिका बघतात. कोरियन गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. तिखटजाळ कोरियन शेवयांची पाकिटे तालुक्याच्या गावी दुकानात मिळू लागली आहेत. या मालिकांत एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. दिवसभर राबलेला माणूस, कधी ड्रायव्हर, कधी पोलीस, कधी कारखान्यातला कामगार, एखाद्या साध्या खानावळीत शिरतो. वाफाळलेले भांडे समोर येते आणि तो मान खाली घालून रस्सा-भात ओरपू लागतो. पुष्कळदा त्या रश्शात डुकराचे मांस असते. आमची पोरं ते कौतुकाने बघतात. मात्र हेच मांस आपल्या गावाच्या कडेला चुलीवर शिजते, तेव्हा येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावतात. एकाच जनावराचे मांस तिकडे कौतुकाचे आणि इकडे किळसवाणे, हा फरक कोठून आला? हा प्रश्न जिभेचा नाही. तो जातीचा आहे, म्हणून त्याचा विचार चळवळीने करायला हवा असे आम्हास वाटते.

या पदार्थाचे नाव ‘द्वेजी-गुकबाप’. द्वेजी म्हणजे डुक्कर, गुक म्हणजे रस्सा आणि बाप म्हणजे चक्क भात. दक्षिण कोरियातल्या बुसान या बंदराच्या शहराची ही ओळख आहे. डुकराची हाडे मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळतात. पाणी दुधासारखे पांढरट झाले की त्यात शिजलेल्या मांसाचे पातळ काप आणि भात घालतात. चवीला खारवलेली बारीक कोळंबी, लसणाच्या पातीसारखी हिरवी पात आणि मुळ्याचे किंवा कोबीचे आंबवलेले लोणचे देतात. १९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध पेटले. उत्तरेकडून पळालेले निर्वासित लाखोंच्या संख्येने दक्षिणेत आले. बुसान ही त्या काळातली तात्पुरती राजधानी होती. हाती काही नसलेल्या माणसांनी स्वस्तात मिळणारी हाडे, मुंडी, आतडी उकळून पोट भरले आणि त्यातून हा पदार्थ वाढला, असे तेथे सांगितले जाते. म्हणजे हे मूळचे गरिबाचे अन्न. आज बुसानमध्ये या खानावळींची गल्लीच्या गल्ली आहे. साहेब आणि हमाल शेजारी बसून तेच भांडे पुढ्यात घेतात.

यात आपल्याला परके वाटावे असे काय आहे? हाडाचे अळणी पाणी साताऱ्या-सांगलीच्या घराघरांत माहीत आहे. बाळंतिणीला, आजाऱ्याला आधी अळणीच देतात. रश्शात भाकरी कुस्करून खायची आणि भात असेल तर कालवून खायचा, ही माण-खटाव, जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्याची जुनी रीत. भात तर आमच्या आज्या-पणज्यांना सणासुदीलाच दिसे. मुंडी, पाया, वजडी, रक्ती, यांतले काही वाया घालवायचे नाही हे शहाणपण आमच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. मांस उन्हात वाळवून त्याच्या चान्या करून ठेवायच्या आणि पावसाळ्यात शिजवायच्या, ही सुद्धा भुकेने शिकवलेली विद्याच. बुसानच्या निर्वासितांनी केले तेच आमच्या पूर्वजांनीही केले. तरीही त्यांची विद्या शहराचा अभिमान ठरली, आणि आमची विद्या अजून तोंड लपवून बसली आहे.

महामार्गावरून साताऱ्याहून कराडकडे आणि तेथून इस्लामपूर, सांगलीकडे जा. दोन्ही बाजूंना हॉटेले, ढाबे, खानावळी. मटणाचे ताट आहे, गावरान कोंबडी आहे, तांबडा-पांढरा आहे, अख्खा मसूर आहे. अशा पाट्यांवर डुकराचे मांस शोधू लागलात तर हाती निराशाच येईल. मग या दोन जिल्ह्यांत ते कोणी खातच नाही काय? खातात. कैकाडी, वडार, मांग-गारुडी आणि इतरही कष्टकरी समाजांत खातात. पण ते रविवारी सकाळी वस्तीच्या मागे कापले जाते, वाट्याने विकले जाते, पिशवीत झाकून नेले जाते आणि दार लोटून खाल्ले जाते. रस्त्यावर त्याला पाटी नाही, ताट नाही, टेबल नाही.

आणि गंमत अशी, की याच मांसाचे नाव इंग्रजी झाले की त्याचा विटाळ फिटतो. ‘डुक्कर’ खाणारा घाणेरडा ठरतो, ‘पोर्क’ खाणारा शौकीन ठरतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत बेकन आणि सॉसेज म्हणून हेच मांस काचेच्या बशीत येते. गोव्याला गेलेले आमचे सुशिक्षित सवर्ण मित्र तेथे सोरपोतेल चाखून येतात आणि चार लोकांत कौतुकाने सांगतात. त्यांची जात त्याने बुडत नाही. मग वडाराच्या चुलीवरच ते मांस अपवित्र कसे होते? याचा अर्थ सरळ आहे. विटाळ जनावराला कधीच नव्हता. जनावर कापणाऱ्या, शिजवणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसाला तो चिकटवलेला आहे.

येथे कोरियाचा आणखी एक इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्ही आवश्यक समजतो, कारण मालिकांतून तो कळत नाही. कोरियातही अस्पृश्य होते! त्यांना ‘बेकजंग’ म्हणत. जनावरे कापणे, कातडी कमावणे आणि टोपल्या विणणे हे त्यांच्या वाट्याला आलेले धंदे. त्यांची वस्ती वेगळी होती. प्रतिष्ठितांसारखी टोपी त्यांनी घालायची नाही, अशी बंधने त्यांच्यावर होती. त्यांनी कापलेले मांस सर्वांना चाले, त्यांचा शेजार मात्र चालत नसे. १८९४ च्या सुधारणांत कायद्याने हा भेद रद्द झाला. पण कायदा कागदावर राहिला. बेकजंगांच्या मुलांना शाळेत घेताना लोक आडवे येतच राहिले.

अखेर एप्रिल १९२३ मध्ये जिंजू या गावी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी राहिली. या नावात तराजूचा अर्थ आहे. मांस तोलणाऱ्या खाटकाने आपल्याच तराजूकडे बघून म्हटले, की माणसांचीही दोन पारडी सारखी हवीत! आपल्या मुलांना शाळा नाकारली गेल्याने पेटून उठलेला एक सधन बेकजंग आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले काही उच्चकुलीन सुधारक, अशा दोघांनी मिळून हे काम सुरू केले. लगेच त्याविरुद्ध गावकऱ्यांनी मोर्चे काढले आणि त्यांच्याकडून मांस घ्यायचे नाही असा बहिष्कार पुकारला. १९२५ मध्ये येचॉन येथे या चळवळीच्या लोकांवर हल्ले झाले. हे वाचून आमच्या वाचकांना महाडची आठवण झाल्याशिवाय राहील काय? जपानमधल्या बुराकू समाजाची ‘सुइहेइशा’ संघटना १९२२ ची, कोरियाची ही १९२३ ची, बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पाच वर्षांच्या आत आशियातल्या तीन देशांतली बहिष्कृत माणसे उभी राहिली होती.

पुढे कोरियात काय झाले? चळवळीने माणसाच्या मनातला काटा हलवला. जमीनसुधारणा झाल्या. युद्धात गावेच्या गावे उठली, माणसे मिसळली आणि कोण कोणाचा हे ओळखण्याच्या खुणा पुसल्या. आज बुसानच्या खानावळीत रस्सा वाढणाऱ्याचे कूळ कोणी विचारत नाही. त्याहून नवल म्हणजे ‘बेकजंग’ हेच नाव लावून मांसाची हॉटेले चालतात, अमेरिकेतही त्यांच्या शाखा आहेत, आणि लोक रांगा लावून जेवतात. एकेकाळची शिवी आता दुकानाची पाटी झाली. आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर कोणत्या जातींची नावे आली, हे जरा आठवून पाहा. ‘ब्राह्मणी जेवण’ आले, ‘मराठा खानावळ’ आली. आमच्यापैकी कोणाच्या जातीचे नाव लावून महामार्गावर खानावळ उघडली, तर किती गाड्या थांबतील? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

सातारा जिल्ह्याला तर अन्न-पाण्याच्या या विटाळाचा इतिहास फार जवळून माहीत आहे. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटण्यासाठी ही भावंडे गोरेगावला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, असे ठरले. घरून दिलेले जेवण मुलांच्या डब्यात होते. पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही आणि पाण्यावाचून घास उतरेना. भरलेला डबा जवळ ठेवून ती लेकरे उपाशी झोपली. हा प्रसंग स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. अन्न असूनही उपास घडवणारी ही व्यवस्था होती, हे विसरता येणार नाही.

या व्यवस्थेला याच मातीत टक्करही मिळाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले, तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवली. पुढे भारतीय संविधानाच्या कलम १५ ने दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांचे दार सर्वांना उघडे केले. कलम १७ ने अस्पृश्यता गाडली. आज आम्ही कोणत्याही हॉटेलात ताठ मानेने जाऊन बसतो, ती बाबासाहेबांची कमाई आहे. पण संविधानाने माणसाला हॉटेलात नेले, त्याच्या घरचे ताट मात्र अजून दाराबाहेरच आहे. आम्ही हॉटेलात जाऊन दुसऱ्यांचे अन्न खातो. आमचे अन्न खायला कोणी येत नाही.

येथे काही समाजबांधव म्हणतील, की मांसाहाराचा पुरस्कार कशाला? बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते! हा गैरसमज दूर झाला पाहिजे. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, उष्टे-शिळे मागून खाणे सोडायला सांगितले. मेलेले ढोर ओढायचे, त्याच्या बदल्यात त्याचे मांस न्यायचे, येसकराच्या पाळीला दारोदार भाकरी मागायची, ही गावगाड्याची गुलामी होती. ती गुलामी त्यांनी फेकायला लावली. स्वकष्टाने मिळवलेले, स्वच्छ कापलेले, स्वतःच्या चुलीवर शिजवलेले मांस खाणे आणि गावाच्या उपकाराचे मढे खाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात तर त्यांनी दाखवून दिले, की ब्राह्मण एकेकाळी गोमांस खात होते आणि बौद्ध धम्माशी चाललेल्या झगड्यात वरचढ होण्यासाठी ते त्यांनी सोडले. म्हणजे शाकाहाराचे सोवळे हेसुद्धा सत्तेचे हत्यार होते. ते हत्यार आम्ही आपल्याच भावावर का उगारावे?

धम्माचे म्हणाल, तर भगवान बुद्धांनी शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरी घेतले. त्या भोजनाचे नाव ‘सूकरमद्दव’. त्याचा अर्थ डुकराचे मांस की एखादे कंद वा आळंबी, यावर पंडितांचा वाद आहे. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात डुकराच्या मांसाचा अर्थ निर्भयपणे मांडला आणि त्याबद्दल टीकाही सोसली. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. तथागत आजारी पडले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला सांगून ठेवले, की ज्ञानप्राप्तीपूर्वीचे भोजन आणि हे भोजन सारख्याच पुण्याचे आहे. कारागिराच्या घरच्या अन्नाचा एवढा मान जगातल्या दुसऱ्या कोणत्या धर्मसंस्थापकाने ठेवला? बाबासाहेबांनीही अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत फरक केला. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मांस खाणाऱ्या माणसाला तुच्छ लेखण्याची प्रतिज्ञा कोठेही नाही. दारू न पिण्याची मात्र आहे, म्हणून कोरियन मालिकांत त्या रश्शाशेजारी दिसणारी बाटली आमच्या पोरांनी तेथेच सोडावी!

आता थोडे आपल्या घरातले बोलू. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वरच्याचा मान राखायचा आणि खालच्याला हिणवायचे, ही शिडी प्रत्येकाला कोणीतरी खालचा देते आणि म्हणूनच टिकते. गावगाड्यात कोण काय खातो यावरूनही अस्पृश्यांत आणि भटक्यांत उतरंडी रचल्या गेल्या. ‘आम्ही शेळीचे खातो, ते डुकराचे खातात’ हे वाक्य आजही आपल्या वस्त्यांत ऐकू येते. लग्न जमवताना, वस्तीत जागा देताना, पंगतीला बोलावताना ते कामाला येते. फलटणच्या कैकाडी कुटुंबात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांनी १९८० साली ‘उपरा’ लिहिले, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. टोपल्या-कणग्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या माणसांचे जगणे त्यात आले. कोरियातला बेकजंगही टोपल्याच विणत होता, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि जो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्या समाजांना बहुजन चळवळीच्या व्यासपीठावर आपण भाऊ म्हणतो. मग त्यांच्या चुलीजवळ बसताना अंग का चोरावे? भाषणातली एकजूट ताटापर्यंत पोहोचली नाही, तर ती मतदानापर्यंतही पोहोचणार नाही.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, कोणी काय खावे याची सक्ती आम्हास नको. मुस्लिम बांधव डुक्कर खात नाहीत, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. त्यात कोणाच्या जातीला कमी लेखलेले नाही. त्यांना डिवचण्यासाठी या जनावराचा वापर करणाऱ्या दंगलखोरांचा आणि आमचा काडीचाही संबंध नाही. न खाण्याचा हक्क आम्ही खाण्याच्या हक्काइतकाच मानतो. पण २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचे मांस बंद करून गरिबाच्या ताटातले स्वस्त अन्न काढून घेतले गेले आणि आता भाड्याने खोली देताना ‘नॉनव्हेज खाता का?’ असे विचारून जात काढली जाते. हा मात्र खाण्या-न खाण्याच्या आवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. उकिरड्यावर चरणारे डुक्कर आणि कच्चे राहिलेले मांस यांतून पोटात आणि मेंदूत जंताचा आजार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. ते लपवून चालणार नाही. पण हा दोष कोणाचा? शेळी-बोकडासाठी कत्तलखाना, तपासणी, परवाना हवा, आणि डुकरासाठी मात्र गटाराचा काठ पुरे, असे धोरण कोणी ठरवले? बंदिस्त गोठ्यात चांगल्या खाद्यावर वाढवलेले, तपासून कापलेले आणि नीट शिजवलेले मांस निर्धोक असते. कोरियात हेच होते. सातारा नगरपालिकेने आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने ही सोय करावी, ही मागणी लाजत-लाजत करण्याचे कारण नाही. ते नागरिकांचे आरोग्य आहे.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. उद्या कोरियन मालिकांच्या जोरावर पुण्यात, मग साताऱ्यात, मग सांगलीत डुकराचा रस्सा-भात फॅशन होईल. तेव्हा हॉटेल कोणाचे असेल? कातड्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कातडे कमावणाऱ्याच्या वाट्याला दुर्गंधी राहिली आणि चपलांचे कारखाने दुसऱ्यांचे झाले. विटाळ आमचा आणि नफा त्यांचा, हा या देशाचा जुना हिशोब आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनासाठी खर्चाच्या निम्मे, जास्तीत जास्त तीस लाख रुपये अनुदान आहे. पण बाकीची रक्कम उभी करायला जागा, तारण आणि बँकेचे कर्ज लागते. ज्याच्या पिढ्या या जनावरामागे गेल्या, त्याच्याकडे यांतले काहीच नाही. म्हणून चळवळीतल्या शिकलेल्या, नोकरीतल्या, बँकेतल्या लोकांनी येथे कामाला लागले पाहिजे. वडार-कैकाडी-मातंग-बौद्ध बायांचे बचतगट एकत्र यावेत. प्रकल्पाचे कागद कोणी करून द्यावेत, अन्नसुरक्षेचा परवाना कोणी काढून द्यावा, जागेसाठी कोणी नगरपालिकेत खेटे घालावेत. भीमजयंतीच्या आणि धम्मपरिषदांच्या मैदानात पुस्तकांच्या दुकानांशेजारी या बायांचे रस्सा-भाकरीचे दुकान उघड्यावर, पाटी लावून उभे राहावे. पाटीवर शुद्ध मराठीत ‘डुकराचा रस्सा’ असेच लिहावे.

बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या ग्रंथात बजावले आहे, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. ते खरेच आहे. एका टेबलावर जेवून उठलेली माणसे घरी जाऊन पुन्हा जातीतच लग्ने लावतात. सहभोजनाने क्रांती होईल असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पण जो समाज आपल्याच भावाच्या ताटाला नाक मुरडतो, तो त्याच्या घरी मुलगी देईल काय? जिंजूच्या खाटकांनी आपला तराजू हाती घेऊन जगाला समतेचा अर्थ विचारला होता. आमच्या हाती तर संविधान आहे. तेव्हा ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी या रविवारी वस्तीमागच्या त्या चुलीपाशी जावे, मांडी घालून बसावे आणि खाणारा असेल त्याने मागून घ्यावे. खाणारा नसेल त्याने नुसते शेजारी बसावे. तेवढ्यानेही पुष्कळ काही होईल. जय भीम!